पावसात पाहिलेले घर

‘घर पाहावे बांधून’ अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. घर उभे करताना माणसाच्या धीराची, व्यवहाराची आणि गाठीच्या पैशाची किती कसोटी लागते, ते या थोडक्या शब्दांत साठवले आहे. आज स्वतः घर बांधणाऱ्यांपेक्षा बांधलेले घर विकत घेणारेच अधिक. परंतु म्हणून कसोटी काही सोपी झालेली नाही. स्वतः बांधलेल्या घराचा पाया आपल्या डोळ्यांदेखत भरलेला असतो. विकत घेतलेल्या घराचा पाया मातीखाली झाकलेला असतो आणि त्याचा पूर्वेतिहास कागदांखाली. दोन्ही उकरून पाहण्याचा धीर ज्याला असतो, त्यालाच ते घर खऱ्या अर्थाने लाभते.

चिंचवडला एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांच्या कुटुंबाला हा अनुभव आला. घरात आजी, आई, वडील, सातवीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे. राहती जागा भाड्याची आणि दोन खोल्यांची. स्वयंपाकघरात आजीचे अंथरूण पडले की पाण्याच्या माठापर्यंत जायला वाट उरत नसे. शहरात मोठी जागा घ्यावी, तर ती मिळकतीच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा रेल्वेच्या रुळांनी जिथवर नेले तिथवर जाऊन पाहावे, असे वडिलांनी ठरवले. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली अशी एकेक स्थानके मागे टाकीत त्यांचा शोध अखेर लोणावळ्यास जाऊन पोहोचला.

लोणावळे म्हटले की थंड हवा, धुके आणि चिक्की एवढेच पुष्कळांना आठवते. परंतु सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर वसलेले हे गाव आजच्या रूपाला आले ते मुख्यतः रेल्वेमुळे. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्येच सुरू झाला होता. पण पुढचा बोरघाट आगगाडीला वाट देत नव्हता. त्या काळी प्रवासी खंडाळ्यास उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट उतरत आणि खाली पुन्हा आगगाडी धरत. हजारो मजुरांनी कडे फोडले, बोगदे खोदले. त्यांतले कितीतरी रोगराईने आणि अपघातांनी तेथेच कामी आले. तेव्हा कोठे १८६३ मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली. पुढे १९७८ पासून पुणे आणि लोणावळे यांच्यामध्ये लोकलगाड्या सुरू झाल्या आणि ६४ किलोमीटरांचे हे अंतर नोकरदाराच्या रोजच्या आटोक्यात आले. पहाटे डबा घेऊन निघावे, शहरात दिवसभर काम करावे आणि रात्री डोंगरात परतावे, असा दिनक्रम असलेली माणसे तेथे आज पुष्कळ आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस हे कुटुंब ते घर पाहावयास गेले. साल होते २०२३. स्थानकापासून वीस मिनिटांच्या चालीवर, उताराच्या पायथ्याशी ते बसके कौलारू घर उभे होते. काळ्या दगडाचे जोते, पुढे पडवी, मागे फणसाचे झाड आणि त्यामागे डोंगराची माती अडवणारा दगडी बांध. मुलीने खोल्या मोजल्या. त्या चार होत्या. धाकट्याने फणसाला लगडलेली फळे मोजावयास आरंभ केला आणि वीसच्या पुढे नाद सोडला. वारा असा सुखद वाहत होता, की वडिलांनी मनातल्या मनात भिंतीवर आपले घड्याळही टांगून टाकले.

घरमालक म्हणाले, “आठ दिवसांत विसार द्या. विचारणारे आणखी दोघे आहेत.”

वडील होकार देण्याच्या बेतात होते. इतक्यात जोत्यावर बसलेली आजी शांतपणे म्हणाली, “अरे, घर देखणे आहे खरे. पण उन्हात पाहिलेले घर म्हणजे अर्धेच पाहिलेले घर. एकदा पावसात येऊन पाहू, मग काय ते ठरव.”

“तोवर ते हातचे जाईल, आई.”

“जाईल तर जाईल. वीस वर्षे हप्ते फेडायचे आहेत तुला. दोन महिने थांबायला काय हरकत आहे?”

आजीच्या बोलण्यात तथ्य होते. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यास मात्र तो चार हजार मिलिमीटरांच्याही पुढे जातो. अंतर एवढे थोडे आणि पावसात एवढी तफावत, याचे कारण सह्याद्रीच्या ठेवणीत आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार घाटमाथ्यावरच रिता करतात. पुण्यापर्यंत जाईतो त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे उरत नाही. घाटमाथ्यावरचे हेच पाणी धरणांत साठवून, खाली खोपोलीस नेऊन, १९१५ पासून त्यावर वीज निर्माण केली जात आहे. जे पाणी खाली जाऊन जनित्रे फिरवते, तेच पाणी वाट चुकले तर घराची भिंतही ढकलू शकते, हे डोंगरात राहणाऱ्याने विसरून चालत नाही.

वडिलांनी विसार दिला नाही. जून गेला, आणि जुलैत एका भयंकर वार्तेने साऱ्या महाराष्ट्राचे मन हेलावून गेले. रायगड जिल्ह्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. झोपेत असलेली माणसे घरांसह मातीखाली गाडली गेली. थोरांना त्याच वेळी माळीणची आठवण झाली. पुणे जिल्ह्यातले ते गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी असेच डोंगराखाली गेले होते आणि दीडशेच्या आसपास माणसे त्यात मृत्यू पावली होती. दोन्ही ठिकाणी मुसळधार पावसाने उतारावरची माती पाण्याने तुडुंब भरली होती. माती पाणी पिते तोवर ती डोंगराला धरून असते. पिण्याची सीमा ओलांडली की ती जड होते, तिची पकड सुटते आणि ती पाण्यासारखी वाहू लागते.

त्या रात्री जेवताना कोणीच लोणावळ्याचा विषय काढला नाही. पण झोपण्यापूर्वी मुलीने विचारले, “बाबा, आपल्या त्या घरामागे पण डोंगर आहे ना?”

वडील म्हणाले, “आहे. म्हणून तर आता ते पाहिलेच पाहिजे.”

पंधरा दिवसांनी, श्रावणाच्या तोंडावर, सगळे पुन्हा निघाले. ओळखीचे एक स्थापत्य अभियंता वडिलांच्या विनंतीवरून सोबत आले. मळवलीच्या पुढे खिडकीबाहेर पावसाखेरीज काही दिसेना. घराशी पोहोचताच दोन महिन्यांपूर्वीचे चित्र पार पालटलेले आढळले. पागोळ्यांच्या जाड दोऱ्या अंगणात अखंड गळत होत्या. वाऱ्याबरोबर झड पडवीत शिरत होती. पुढच्या खोल्या कोरड्या होत्या. परंतु स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत ओल चढली होती, आणि मे महिन्यात जिथे ताजा रंग दिसला होता, तिथे आता काळसर बुरशी आली होती.

अभियंत्यांनी मागचा उतार नीट न्याहाळला. तेथे जुनी झाडे घट्ट उभी होती, त्यांची खोडे वाकलेली नव्हती, जमिनीला कोठे भेग दिसत नव्हती. त्यांनी समाधानाने मान हलवली. पण दगडी बांधापाशी येताच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “काका, या भिंतीत ओळीने भोके आहेत, पण एकातूनही पाणी येत नाही. मग डोंगराचे पाणी जाते कुठे?”

अभियंते हसले आणि म्हणाले, “तू नेमके दुखणे ओळखलेस. ही भोके पाणी झिरपून जाण्यासाठीच ठेवलेली असतात. ती मातीने बुजली आहेत. आता सगळे पाणी बांधाच्या मागे साठते, बांधाला ढकलते आणि खालून घराच्या भिंतीत शिरते. डोंगर वाईट नाही. त्याच्या पाण्याची वाट कोणीतरी अडवली आहे. भोके मोकळी करावी लागतील, बांधाची डागडुजी करावी लागेल आणि पाणी बाजूने काढून देणारा एक चर हवा. एखादा चर येथे पूर्वी असलाच पाहिजे. तो कुठे आहे, ते मला दिसत नाही.”

घरमालकांना विचारले, तेव्हा तेही नीटसे सांगू शकले नाहीत.

इतके झाल्यावर घराचा एक अर्धा भाग पाहून झाला होता. दुसरा अर्धा भाग कागदांत होता. वकिलांनी मागच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. घरावर कर्ज नव्हते, नगरपालिकेची घरपट्टी भरलेली होती. मात्र मालमत्ता पत्रकावर मालक म्हणून दोन नावे होती : एक घरमालकांचे आणि दुसरे त्यांच्या थोरल्या बहिणीचे. घर त्यांच्या वडिलांनी स्वकष्टाने बांधले होते. मृत्युपत्र मागे ठेवले नव्हते. अशा मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा असतो, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने कधीच ठरवून दिले आहे. मुलीचे लग्न झाले म्हणून तो वाटा नाहीसा होत नाही.

घरमालकांना यात काही अडचण वाटत नव्हती. ते म्हणाले, “तुम्ही निर्धास्त असा. ताई साधी आहे. मी हक्कसोडपत्र तयार करून घेतो, ती सही करील. मग एकट्या माझ्याच नावाने खरेदीखत होईल. तुमच्या कागदात काहीही उणे राहणार नाही.”

आई इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, “त्या कशावर सही करणार आहेत, हे त्यांना ठाऊक आहे का?”

घरमालक क्षणभर अडखळले आणि म्हणाले, “तो आमचा घरगुती प्रश्न आहे.”

परतीच्या गाडीत वडील विचारात पडले होते. ते म्हणाले, “अहो, कायद्याने आपल्याला काही बाधा नाही. बहीण आपल्या हाताने सही करणार. बहीणभावांच्या मध्ये आपण का पडावे? दुखावले तर घर दुसऱ्याला देऊन मोकळे होतील. मग पुन्हा त्या दोन खोल्या.”

त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. इतक्या महिन्यांच्या शोधानंतर परवडणारे एकच घर मिळाले होते आणि शहरातले भाडे दर वर्षी वाढत होते. आईने उत्तर दिले नाही. बोलली ती आजी.

“तुला मी कधी सांगितले नाही,” आजी वडिलांकडे वळून म्हणाली, “पण असल्याच एका कागदावर मी सही केली आहे. माझे वडील गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी. भावाने कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखवली. वाचून कोणी दाखवला नाही, आणि मीही विचारले नाही. त्याच दिवशी वहिनीने मला लुगडे नेसवले, गोडाचे जेवण केले. पुढे कळले, तो कागद काय होता ते. भावाने मागितला असता तर मी माझा वाटा हसत दिला असता रे. पण दिल्याचे सुखही मला मिळाले नाही. कारण मी काही दिलेच नव्हते, माझ्याकडून ते नेले होते. त्यानंतर मी त्या घरी गेले ती पाहुणी म्हणून.”

गाडी कामशेत सोडून पुढे निघाली होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील एवढेच म्हणाले, “उद्या मी त्यांना कळवतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरमालकांना स्पष्ट सांगितले, की खरेदीखतावर बहिणीचीही सही हवी, ती त्यांनी कागद वाचून केलेली हवी आणि त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्याच नावाच्या धनादेशाने दिले जातील. घरमालक रागावले. “मग दुसरे घर बघा,” असे म्हणून त्यांनी बोलणे संपवले.

गणपती आले आणि गेले. लोणावळ्याहून निरोप आला नाही. वडिलांनी पुन्हा घरांच्या जाहिराती चाळायला सुरुवात केली, पण त्यात त्यांचे मन लागेना. धाकटा एकदा म्हणाला, “फणस पडून वाया जात असतील.” त्याला कोणी सांगितले नाही, की फणसाचा हंगाम केव्हाच सरला आहे. नवरात्रात एके संध्याकाळी मात्र घरमालक स्वतःच दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर पासष्टीच्या घरातल्या एक बाई होत्या. पातळाचा पदर सावरीत त्या आजीजवळ बसल्या.

घरमालक खाली पाहत म्हणाले, “तुमच्याशी बोलणे झाल्यावर मला चैन पडेना. शेवटी ताईला सगळे सांगितले. ती म्हणते, विकायला तिची ना नाही. पण जाण्यापूर्वी तिला एकदा घर पाहायचे आहे.”

पुढच्या रविवारी सगळे लोणावळ्यास जमले. पाऊस ओसरला होता, गवत कमरेइतके वाढले होते. ताईंनी खोल्यांतून एक फेरी मारली आणि त्या थेट मागच्या अंगणात गेल्या. बांधाच्या डाव्या टोकाशी थांबून त्या भावाला म्हणाल्या, “अरे, येथला चर कुठे गेला?”

“कुठला चर?”

“बाबा दर वर्षी अक्षय्यतृतीयेनंतर माझ्याकडून साफ करून घेत तो. तू तेव्हा लहान होतास. डोंगराचे सगळे पाणी त्यातून पलीकडच्या ओढ्याला जायचे. मागच्या भिंतीला कधी ओल आली नाही आपल्या.”

घरमालकांना आता आठवले. मोटार उभी करण्यासाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी ती बाजू भराव घालून सपाट केली होती. कुदळ आणवली गेली. ताईंनी दाखवलेल्या जागी दोन हात खणताच दगडांनी बांधलेल्या जुन्या चराची कड उघडी पडली. अभियंत्यांना जे सापडले नव्हते आणि मालमत्ता पत्रकावर ज्याची नोंद नव्हती, ते त्या घराच्या लेकीला तोंडपाठ होते. तिला न विचारता व्यवहार झाला असता, तर ते कोणालाच कळले नसते.

दिवाळीनंतर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखताची नोंदणी झाली. मुद्रांक शुल्क आधीच भरलेले होते. दोन साक्षीदार आले, सर्वांची छायाचित्रे निघाली, अंगठ्यांचे ठसे उमटले. ताईंनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचले. मागचे लोक खोळंबले तरी कोणी त्यांना घाई केली नाही. मग त्यांनी सावकाश आपले नाव लिहिले. दोन धनादेश दोघांच्या हाती गेले. बाहेर आल्यावर त्यांनी आजीचा हात क्षणभर आपल्या हातात धरला. दोघी काही बोलल्या नाहीत.

आता वडील रोज पहाटेची लोकल धरतात. प्रवासात दिवसाचे दोन तास जातात, रात्री घरी पोहोचावयास उशीर होतो आणि हप्ते अजून पुष्कळ वर्षे फेडायचे आहेत. डोंगरातल्या घराची ही किंमत खरेदीखतावर लिहिलेली नसते; ती रोज थोडी थोडी द्यावी लागते. पावसाळ्यात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत आणि पीठही सादळते. तरीही आजीचे अंथरूण आता तिच्या स्वतःच्या खोलीत पडते. मागच्या भिंतीला ओल येत नाही, कारण दर वर्षी अक्षय्यतृतीयेनंतरच्या रविवारी मुलगी आणि धाकटा चरातला पाचोळा काढतात आणि बांधातली भोके सळईने मोकळी करतात. फणस पिकू लागले की पहिले फळ ताईंच्या घरी पोहोचते.

डोंगरावरच्या घराला दोन वाटा मोकळ्या लागतात. एक पाण्याची आणि दुसरी ज्याचा त्या घरावर हक्क आहे त्या माणसाची. यांतली कोणतीही बुजवली, तर काही काळ काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. रंग ताजा दिसतो, कागद निर्दोष दिसतात. परंतु अडलेले पाणी आणि डावललेले माणूस यांचा भार भिंतीच्या मागे साठतच असतो. तो वेळीच ओळखून ज्यांनी वाट करून दिली, त्यांचे घर पावसात उभे राहते.